नाना, तुम्हाला वायफाय कशाला?

पिंप्राळा, जळगाव
६ एप्रिल २०२५

चि. स्वप्नीलास आशीर्वाद. सूनबाई दिपमालालाही.

इकडे आम्ही बरे आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. ऊन तापलंय, नळाला पाणी येतंय, तुझी आई जेवते. कागदावर लिहितोय, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.

तू पाठवलेला इलेक्ट्रॉनिक्सचा निळा बोर्ड मिळाला. मी काय मागितलं होतं? नवशिक्याला झेपेल असा वायफायवाला बोर्ड. कॉलेजात पोरांना तू हेच शिकवतोस, आणि बापाला बिनावायफायचा बोर्ड, रंगीत दिव्यांची पुडी आणि वर चिठ्ठी: "नाना, आधी दिवे लावून बघा. वायफाय तुम्हाला कशाला?" अरे, मी एसटीत कंडक्टर होतो, बालवाडीत नव्हतो! माझ्या तोंडाला पानं पुसलीस.

मग मीच दुकानात जाऊन ईएसपी-३२ नावाचा वायफायवाला बोर्ड आणला. पिना आधीच सोल्डर केलेला बघून घेतला, कारण माझा हात आता थरथरतो. त्याला मोबाइलच्या चार्जरची जुनी वायर लावली. बोर्डवरचा दिवा पेटला, पण कॉम्प्युटरला बोर्ड काही दिसेना. तुला फोन केला तर तू हसलास. "हे तुमचं काम नाही, नाना." त्या वायरीतून नुसती वीज जाते, माहिती जात नाही, हे शेवटी दुकानदारानं सांगितलं. एवढं सांगायला तुझी जीभ झिजली असती? धुळ्यात बसून उंटावरून शेळ्या हाकतोस नुसता.

आता कशाला, ते ऐक.

मागच्या महिन्यात मी चक्कीवर दळण घेऊन गेलो. परत येतो तर दार सताड उघडं आणि तुझी आई घरात नाही. सगळी कॉलनी पालथी घातली. मग एरंडोल स्टँडवरून मगनचा फोन आला. माझ्या हाताखाली शिकलेला कंडक्टर, म्हणून त्यानं तिला ओळखलं. ती धुळ्याच्या गाडीत बसली होती. पायात चप्पल नाही. मगनला म्हणत होती, "माले धुळाले जानं शे. मना पोऱ्या तठे वाट देखी ऱ्हायना." तू तिकडे तिची वाट बघतोयस म्हणे.

आई विसरते, हे मी तुला दिवाळीतच सांगितलं होतं. "वय झालं आता," म्हणालास आणि फोन ठेवलास.

शेजारचे म्हणतात, बाहेरून कुलूप लावा. मी माझ्या बायकोला कोंडणार नाही. तयार भोंगा आणून दाराला लावला, तर तो वाजताच ती कान झाकून कोपऱ्यात बसली आणि रडायला लागली. काढून फेकला तो. म्हणून हवं होतं वायफाय. दाराला लोहचुंबकाचा स्विच लावून तो बोर्डाला जोडलाय. दार उघडलं की तिला काही ऐकू येत नाही, मी बाजारात असलो तरी मला मोबाइलवर निरोप येतो.

परवापासून चालू आहे. त्यात दुसरा नंबर तुझा घातलाय. तू वर्गात असशील, मीटिंगमध्ये असशील, निरोप येणारच. बंद करायचा तर कर, त्यातलं तुला माझ्याहून जास्त कळतं. पण आला की एवढं समज, तुझी आई तुझ्याकडे यायला अनवाणी निघाली आहे.

ती पोचायच्या आत तू ये.

तुझ्यावर अतिशय चिडलेला,
नाना