कारखान्याच्या पगाराला सुटलेलं पोट

मामा,

वाकून नमस्कार. (पत्रात दिसत नाही, पण पार कंबरेतून वाकलोय.) मामींचा गुडघा काय म्हणतो? तेल लावतायत ना, की बाटली नुसती कपाटात? आम्ही मजेत. मी तर इतका खुशीत आहे की काल भाजीत दोनदा मीठ घातलं.

झालं असं. ब्रशच्या कारखान्यात पगारपत्रक मी लिहितो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. संध्याकाळच्या वर्गात मला एक भन्नाट गोष्ट कळली. सगळ्यांना कमी पगारापासून जास्त पगारापर्यंत ओळीत उभं करायचं आणि एकेक माणूस धरत पगाराची वाढती बेरीज कागदावर मांडायची. सगळ्यांना सारखं मिळत असेल तर रेघ सरळ तिरकी वर जाते, नाहीतर तिचं पोट खाली लोंबतं. हा लॉरेन्झचा वक्र. आणि पोट किती सुटलंय ते एका आकड्यात सांगतो तो गिनी निर्देशांक. शून्य म्हणजे सगळे सारखे, एक म्हणजे सगळं एकट्याच्या घशात. मामा, अंगावर काटा आला! डबा बाजूला सारून मी आमच्या एकतीस जणांची रेघ काढली. खालच्या पंधरा जणांना मिळून पगाराचा पाव हिस्साही नाही, आणि शेवटी मालकांपाशी रेघ एकदम ताडकन उभी. निर्देशांक ०.४९! पॅकिंगच्या सहाजणी बिचाऱ्या अगदी तळाला. त्यांना पगारवाढ मिळवून द्यायचीच म्हणून मी तडक केबिनमध्ये घुसलो.

मालकांनी वर चढणारी रेघ पाहिली आणि मला मिठीच मारली. त्यांना वाटलं, ही कारखान्याची प्रगती! मला बोलूच देईनात. दुसऱ्या दिवशी रेघ चौकटीत बसून त्यांच्या खुर्चीमागे लटकली, वर फर्मान, की पुढच्या वर्षी शेवटचा चढ आणखी खडा हवा. (मी हो म्हणालो. तुमचाच भाचा.)

मग मोठ्या ऑर्डरवाल्या बाई आल्या. त्यांनी चहा ढवळता ढवळता भिंतीकडे पाहिलं आणि विचारलं, की पगारात एवढी तफावत तुम्ही कौतुकानं टांगून ठेवलीय? आमच्या कंपनीला हे चालत नाही. मालकांचा चेहरा असा काही पडला म्हणून सांगू! मला बोलावून म्हणाले, महिन्याभरात हा आकडा खाली आला पाहिजे. मी लगेच पॅकिंगच्या पगारवाढीचा तक्ता हातात ठेवला.

आणि मामा, आकडा आला खाली! ०.४६! काल बाईंनी ऑर्डरवर सही केली, मालकांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. माझ्या गणितानं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी हललं.

तुमचा भाचा

ता. क. : आकडा कसा उतरला ते राहिलंच. तक्ता मालकांनी उघडलाच नाही. पॅकिंगच्या सहाजणींना पगारपत्रकातून काढून कंत्राटदाराकडे दिलं. टेबल तेच, खोकी तीच, मजुरी आणखी कमी. तळाची माणसं यादीतच नाहीत म्हटल्यावर पोट आपोआप आत जातं. त्यांच्यातली थोरली मावशी म्हणाली, "तू आमच्यासाठी भांडलास ना रे? मग असं कसं झालं?" मला मान वर करवेना.

ता. क. २ : यादीतून सात जण गेले. माझा पगारही त्यांच्याइतकाच होता. तुमच्या पंपदुरुस्तीच्या दुकानात हिशेबाला माणूस लागेल का? आईला एवढ्यात सांगू नका.

ता. क. ३ : पगार काय द्याल तो द्या. दुकानात आपण दोघंच असू. रेघ काढणार नाही, शप्पथ.