बसलेला घसा

शिरूर, रविवार, १ मार्च १९९८

घसा पार बसलाय. आज निमोण्याच्या माळावर मामांच्या एडक्याची टक्कर होती. जाताना मोटारसायकलवर मागं बसलेल्या मामांना मी कॉलेजातला उद्याचा तासच ऐकवत होतो. ग्रीकांतला एकजण म्हणायचा, हे विश्व झगड्यावरच चालतं. आपले ऋषी म्हणायचे, सगळ्यांत आत्मा एकच.

अकराव्या टकरीला मामांच्या एडक्याचं शिंग मुळापासून उखडलं. रक्त डोळ्यांत उतरलं, तरी तो मागं सरून पुन्हा धावला. मग कवटी फुटल्याचा आवाज मी ऐकला. खरंच ऐकला? माझ्याच ओरडण्यात तो ऐकू कसा येणार? एडका पाय झाडत पडला, तेव्हा मामांनीच त्याच्या गळ्यावर सुरी फिरवली. बाटलीनं दूध पाजून वाढवलेला.

सुरी मातीत पुसत मामा म्हणाले, "दोघांत आत्मा येकच हाय म्हनतूस. मग मार, मार कुनाला म्हनत हुतास?"

ग्रीकांचंच खरं, असं म्हणून सुटता येईल. पण त्यांनी तरी मला ओरडायला कुठं सांगितलं होतं?

घसा बसलाय. उद्या वर्गात पोरं विचारतील, सर, आवाजाला काय झालं?

सर्दी झाली म्हणेन.