ओढलेला हँडब्रेक

मॅटलॉक, १२ मे २००८

क्लाइव्ह,

रागावू नकोस, आज तुझी लाल एमजी बाहेर काढायला घेतली. तू गेल्यापासून, एकवीस वर्षांत, गॅरेजचं दार मी उघडलंच नव्हतं.

विकण्याआधी ती सुरू व्हावी म्हणून शेजारच्या नॉरिसला बोलावलं. मीटरवर जेमतेम नऊ हजार मैल बघून म्हणाला, "हिलरी, तुझ्या नवऱ्यानं गाडी चालवली कमी आणि पुसली जास्त!" मीही हसले.

त्यानं खराब झालेलं पेट्रोल काढलं, सिलिंडरमध्ये तेल सोडून इंजिन हातानं फिरवलं. पण गाडी जागची हलेना. मागची चाकं जाम.

"हँडब्रेक ओढलेलाच आहे गं! ब्रेक चिकटलेत. एवढा जाणकार माणूस, कायमचा जाताना हा गाढवपणा कसा केला?"

तो घरी गेला, मी अजून गॅरेजातच बसून हे लिहितेय. दर हिवाळ्यात गाडी बंद ठेवताना ब्रेक चिकटू नयेत म्हणून तू हँडब्रेक सोडायचास, चाकाला वीट लावायचास. ओढायचास तो फक्त तासा-दोन तासांसाठी. वीट अजून फळीवरच आहे.

त्या दुपारी माझ्याशी भांडून तू टेकडीकडे चालत गेलास, तो आलाच नाहीस. पोलिसांना मीच ठणकावून सांगितलं, "मला सोडून गेलाय तो. शोधू नका." त्यांनीही शोधलं नाही.

एवढी वर्षं मी तुझ्यावर नुसती चिडून काढली. टेकडीवर जुन्या खाणींची उघडी विवरं आहेत, क्लाइव्ह.

तू चहाला परत येणार होतास ना?

हिलरी