दर दोन तासांनी

रोहा, ५ फेब्रुवारी २०२५

चि. हर्षद यास विमलआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

हे लिहून शेजारच्या मृणालीकडून फोटो काढून पाठवतेय. फोनवर बोलायची सोय नाही. तुझ्या वडिलांची, बाबाजीची खाट ओटीवर, आणि अर्धं अंग गेलं तरी कान शाबूत. मी पेणहून आले त्याला महिना झाला.

बाबाजीच्या पाठीवर लाल चट्टा उठलाय. माझ्या एकटीने तो हलत नाही, म्हणून हिरामणला बोलावलं. पन्नाशीचा माणूस, मिठागर बंद पडल्यावर दवाखान्यात पेशंट उचलायचा. तर तुझ्या बापाने त्याला तांब्या फेकून मारला. म्हणे, दुसऱ्याचा मळ काढणाऱ्याचा हात मना लागायला नको, शिकला असता तर ही पाळी आली नसती. वर ऐकवलं, माझा हर्षद इंग्लंडात एमएस्सी करतो, तिथल्या लायब्ररीत कामाला हाय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही! हिरामण तांब्या उचलून ठेवून गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चट्टा वाढला तर काय करायचं? तू शिकलेला, तूच सांग. वालाच्या शेंगा भरल्यात. यंदा त्या मडक्यात भाजून पोपटी लावली नाही.

जीवाला जप.
तुझी विमलआत्या

लीड्स, ७ फेब्रुवारी

ती. विमलआत्यास हर्षदचा सा. न. वि. वि.

चट्टा ही जखमेची सुरुवात आहे. तो चोळू नकोस. दर दोन तासांनी कूस बदलायची. अंगाखाली दुहेरी चादर घाला. माणसाला ओढायचं नाही, चादर ओढायची. गुडघ्यांमध्ये उशी, टाचा अधांतरी. आणि हात लावण्याआधी काय करणार ते सांगायचं, झोपेत असले तरी. हे एकट्याचं काम नाही, हिरामणदादांची माफी मागून त्यांना परत बोलाव.

हे मला कसं ठाऊक, ते तू विचारशीलच. आत्या, मी लायब्ररीत नाही. आल्यापासून शनिवार-रविवार वृद्धाश्रमात काम करतो. म्हाताऱ्यांना उचलतो, धुतो, पुसतो. आधी उलटी व्हायची. आता एक रिटायर मास्तर माझ्याशिवाय कुणाकडून दाढी करून घेत नाहीत. वर्गातलं शिक्षण मुलाखतीत उपयोगी पडेल, पण हात तयार झाले ते इथे.

बाबांना सांगू नकोस. तो तांब्या मलाच लागला.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
हर्षद

पेण, १३ मार्च

चि. हर्षद यास आशीर्वाद.

बाबाजीचं तेरावं उरकून काल पेणला आले. फोनवर आपण दोघंही नुसते रडलो, सांगायचं ते राहिलं.

माझी चूक झाली. तुझं अक्षर फोनवर मला दिसेना, म्हणून मृणालीला मोठ्याने वाचायला लावलं, तेही ओटीवर. वाटलं, औषधपाण्याचं असेल. पोर वाचत गेली, मला थांबवायचं सुचलं नाही. बाबाजीने शेवटपर्यंत ऐकलं.

तिसऱ्या दिवशी म्हणाला, हिरामणला बोलव. मग रोज तू लिहिलंस तसंच केलं. बाबाजी त्याला विचारायचा, जेवलास काय, कंबर दुखते काय. एकदा मला म्हणाला, हर्षदला तिकडं कोण विचारतं गो, जेवलास काय म्हणून? मी म्हटलं, तूच विचार फोनवर. तर नाय म्हणाला. पोराला लपवायला मीच शिकवलं, आता कुठल्या तोंडाने बोलू, म्हणाला. तुझा रविवारचा फोन आला की डोळे मिटून पडायचा.

शेवटची आंघोळ हिरामणने घातली. पाठीवर एकही जखम नव्हती. जमलेल्यांना त्याने ती पाठ मुद्दाम दाखवली.

परीक्षा नीट दे. घर मी बघते.
विमलआत्या

लीड्स, १५ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

मला वाटायचं, बाबा झोपलेत. मी आवाज न करता फोन ठेवायचो. ते जागे आहेत हे कळलं असतं, तर सगळं मीच सांगितलं असतं. आता ते कायमचं राहिलं.

आज कामावर गेलो. मास्तरांची कूस बदलताना तोंडून मराठीत निघालं, बाबा, वळवतो हां. त्यांना काय कळलं कोण जाणे. त्यांनी माझा हात धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.

तुझाच,
हर्षद