वहिनींच्या सहीवाचून

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकोणऐंशी, अविवाहित, नोंदणी कचेरीतून निवृत्त झालेली नक्कल-कारकून, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, माझ्याच हाताने, शुद्धीवर असताना आणि कुणाचे दडपण नसताना लिहून ठेवते. याआधी मी असा कागद केलेला नाही. दुसऱ्यांचे उतरवण्यात स्वतःचा राहून गेला.

शुद्धीची खात्री डॉक्टरबाईंनी करून घेतली आहे. त्यांनी तारीख आणि वार विचारला, मी सांगितला. मग मीच त्यांना खरे ते सांगून टाकले. हल्ली दुपारी डोळा लागला की मी जुन्या दस्तांतल्या गावात फिरायला जाते. दस्तात प्रत्येक जागेच्या चारी बाजू लिहिलेल्या असतात, पूर्वेस अमका, पश्चिमेस तमका. नोकरीभर मी त्या बाजूच उतरवल्या. त्या गावात केव्हाच बुजवलेली विहीर अजून उत्तरेला आहे, तोडलेल्या झाडाची सावली दक्षिणेच्या कुंपणावर पडते आहे, आणि वारलेला सुतार कुणाच्या तरी पूर्वेस रंधा मारत बसला आहे. मी एका घराच्या पश्चिमेने बाहेर पडते ती दुसऱ्याच्या पूर्वेने आत शिरते. कुणी हटकत नाही.

"याला वेड म्हणायचं का हो?" मी विचारले.

"पुढच्या वेळी मलाही न्या," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि दाखल्यावर सही केली. दाखला सोबत जोडला आहे.

१. घर. मी राहते ते घर मी माझ्या पगारातून घेतले. त्यावर गहाण, बोजा किंवा कुणाचा दावा नाही. माझा थोरला भाऊ आजारी पडला तेव्हा वहिनी आणि त्यांच्या लहान मुलासह तो इथे आला. भाऊ गेला, वहिनी राहिल्या. घर विकत मी घेतले, पण राहण्याजोगे वहिनींनी केले. कोणते दार कधी फुगते, कोणत्या कोपऱ्यात गळते आणि गवंडी कुठे खोटे बोलतो, हे त्यांनाच कळते. हे संपूर्ण घर, मागच्या अंगणासह, माझ्या पश्चात मी वहिनींना देते. नुसते राहण्यापुरते नव्हे, पूर्ण मालकीने.

मृत्युपत्रानेच का देते, हेही लिहिते, कारण भाचा, म्हणजे वहिनींचा मुलगा, विचारणार.

आधी मी बक्षीसपत्र करणार होते. त्यावर देणारीची सही लागते तशी घेणारीचीही लागते, आणि वहिनी कचेरीत यायला तयार नाहीत. एकदाच आल्या होत्या, माहेरच्या घरावरचा हक्क भावांसाठी सोडायला. साहेबांनी रिवाजाप्रमाणे विचारले, "राजीखुशीने सोडताय ना, बाई?" भाऊ दोन्ही अंगांना उभे होते. वहिनी "हो" म्हणाल्या. नंतर नळावर अंगठ्याची शाई घासता घासता मला म्हणाल्या, "वन्सं, चारी बाजू लिहिल्यात तुमच्या लोकांनी. मी ज्या खिडकीत बसून वाचायला शिकले, ती कुठंय त्यात?"

खिडक्या दस्तात येत नाहीत. मी तसे सांगितले. तेव्हापासून वहिनींनी कुठल्याही कागदावर सही केलेली नाही. मुलाच्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा आत्या म्हणून मीच करत आले.

बक्षीसपत्राचे काढले तेव्हा त्या मटार सोलत होत्या. "कशाला हात काळे करायचे, वन्सं? त्याच्या नावावर करून टाका."

"आणि त्यानं विकलं तर?"

"तर जाईन त्याच्याबरोबर. भांडी नेईलच की, त्यांच्याबरोबर मीही." आणि हसल्या. मला हसू आले नाही.

भाचा वाईट नाही. त्याचे फरश्यांचे दुकान आहे, बोलणे गोड आहे. तो म्हणतो, "आत्या, शेवटी घर माझ्याकडेच येणार ना? मग मध्ये आईचं नाव कशाला? दोनदा हेलपाटे नुसते."

"तुझी आई मध्ये येते का रे?"

"तसं नाही गं..."

"मग कसं?"

मी दवाखान्यात होते त्या आठवड्यात त्याने एका गिऱ्हाइकाला घर दाखवले, गिऱ्हाइकाने फीत लावून मापे घेतली आणि वहिनींनी त्या दोघांना चहा करून दिला. हे मला शेजाऱ्यांकडून कळले.

म्हणून हा कागद. मृत्युपत्राला घेणारीची सही लागत नाही.

घराच्या बाजू रीतीप्रमाणे अशा: पूर्वेस रस्ता, दक्षिणेस शिंप्याचे दुकान, पश्चिमेस शेजाऱ्यांचे कुंपण, उत्तरेस बोळ. खिडक्या पाच. त्यांपैकी बोळाकडच्या खिडकीत दुपारी चढत्या वेलीचा हिरवा उजेड येतो आणि खोली पाण्याखाली असल्यासारखी होते. वहिनी तिथे पुस्तक छातीवर ठेवून झोपतात. ही खिडक्यांची नोंद मिळकतीच्या वर्णनाचा भाग समजावी. कचेरीतल्या कुणी खोडू म्हटले तर खोडू देऊ नये.

या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी भाच्यालाच नेमते. नोंदीत आईचे नाव त्यानेच लावून आणावे, स्वतः रांगेत उभे राहून. अर्जावर व्यवस्थापकाची सही चालते. वहिनींना तिथे नेऊ नये आणि सहीसाठी कोणताही कागद घरी आणू नये. वहिनींनंतर घर कुणाचे, हे मी लिहीत नाही. ते त्याने आईला विचारावे, आणि उभ्या उभ्या विचारू नये.

२. बँकेतली ठेव वहिनींना. आधी छप्पर, मग औषधे. उरेल ते त्यांनी खुशाल उधळावे. त्यांना उधळायला जमत नाही, तरी प्रयत्न करावा.

३. माझे लिहिण्याचे टेबल आणि भिंग भाच्याला. टेबलावर त्याने अभ्यास केला आहे, खाली झोपलाही आहे. दुकानात नेले तरी हरकत नाही, पण त्यावर फरश्या रचू नयेत.

४. ज्या साहेबांनी माझे टेबल खिडकीपासून हलवून कपाटामागे नेले, त्यांना मी माफ केलेले नाही. त्यांना काही द्यायचेही नाही. कलम संपले.

५. लाकडी शिडी. शेजाऱ्यांचा तिच्यावर फार दिवस डोळा आहे. कुंपणावरून ते माझ्याशी वीतभर जागेसाठी भांडले, तेही माझ्याच शिडीवर उभे राहून. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने त्यावर साक्ष घालू नये, म्हणून मी मुद्दाम त्यांनाच साक्षीला बोलावले.

"म्हणजे शिडी गेलीच का, बाई?" त्यांनी विचारले.

"कागदावर मिळणार नाही. सकाळी न विचारता नेलीत, ती परत मागत नाही."

६. शेवटचे वहिनींना.

वहिनी, हे तुम्हाला वाचून दाखवतील तेव्हा तुम्ही "मला नको" म्हणाल, हे मी धरूनच चालले आहे. मिळालेली मिळकत नाकारता येते. तशी सोय आहे, मी कायदा लपवत नाही. मात्र नाकारायचे तर कचेरीत जाऊन लेखी द्यावे लागते, आणि त्याखाली सही करावी लागते.

वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, आणि दोघा साक्षीदारांदेखत सही केली. त्यांनी माझ्यादेखत केली.

लिहून देणार: (सही) आत्या, म्हणजेच वन्सं, म्हणजेच निवृत्त नक्कल-कारकून

साक्षीदार:
(१) (सही) डॉक्टरबाई
(२) (सही) पश्चिमेचे शेजारी

ठिकाण: राहते घर, बोळाकडची खोली
दिनांक: १७ नोव्हेंबर २०१४, सोमवार