कण्हले, असे जाहीर करावे

मी, झोदिनसाङी, वय सेहेचाळीस, शाळेत इतिहास शिकवणारी, राहणार ऐझॉल, सकाळी दहाचा डोस घेण्याआधी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. फुप्फुसांचा कर्करोग हाडांत गेला आहे. कोणाचा दबाव नाही, असे लिहायची पद्धत आहे. तो आहे, म्हणूनच लिहिते.

१. दोन खोल्यांचे हे घर मी माझ्या पगारातून बांधले. ते माझी मुलगी रेमरुआती ऊर्फ रेमी, वय एकोणीस, हिला द्यावे. आमच्या मिझो रीतीप्रमाणे बापाचे घर धाकट्या मुलाचे. ते माझा भाऊ मुआना याला कधीच मिळाले, त्यावर माझा दावा नाही. हे घर विकून मला दिल्लीला न्यायचे त्याने ठरवले आहे. तो म्हणतो, "घर काय, पुन्हा बांधता येतं. बहीण बांधता येते का?" दुसरे औषधही लागू पडले नाही, हे डॉक्टरांनी त्याला दोनदा सांगितले आहे. मला कुठेही हलवू नये.

२. आईचा तंबाखूचा डबा मुआनाला. आई चौदाव्या वर्षापासून विड्या वळायची, ओढायची. याच आजाराने गेली. मी एकही ओढली नाही. तरी पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत मुआनाने विचारले, "लपूनछपून किती ओढल्यास, ताई?" हे मी विसरलेले नाही. विचारताना तो रडत होता, हेही नमूद करते.

३. चर्चच्या बायका वीस-वीस येतात, गातात. मी हसत बसते, आणि त्या गेल्यावर अर्धा तास श्वास सापडत नाही. एका वेळी चौघींनीच यावे. खिडकीसमोर कोणी उभे राहू नये. शेजारच्या लालखुमीबाई, आमच्या बोलीत मानाने पी लालखुमी, मला पुढे वाकवून उशीवर रेलायला लावतात आणि हातातला छोटा पंखा तोंडासमोर धरतात. त्याने घुसमट थोडी उतरते. त्या या मृत्युपत्राच्या साक्षीदार असल्याने त्यांना काही देता येत नाही. "नकोच मला काही," त्या म्हणाल्या. "रेमीची आई, तू फक्त एकदा मोठ्याने ओरड. तुझं दाबून धरणं ऐकून माझेच कान दुखायला लागलेत."

४. माझ्या रोजनिशीच्या सत्तावीस वह्या रेमीला. २०१६ची आधी वाचावी. आपला भार दुसऱ्यावर टाकू नये, हे आमचे पहिले शिक्षण. त्या वर्षी आई तीन महिने ओठ मिटून पडली होती. तिच्या अंत्यविधीत मी उभी राहून म्हणाले, "आई एकदाही कण्हली नाही." लोकांनी माना डोलावल्या. वहीत मात्र असे आहे: चार वाजता आईने औषधाच्या बाटलीकडे पाहिले. मी म्हटले, "थोडं थांबतेस का?" ती थांबली. मला अभिमान वाटला.

५. मॉर्फिनची बाटली आता रेमीकडे असते. काल ती म्हणाली, "थोडं थांब ना, आई. आजी थांबायची. हे वाढवत नेलं की माणूस जातं म्हणतात." हे तिला मीच शिकवले. बाळा, मी आजाराने जाणार आहे, बाटलीने नाही. नर्स मालसोमी यांनी लिहून दिल्याप्रमाणे दर चार तासांनी द्यावे, मध्ये त्रास वाढला तर त्यांनी सांगितलेला जादा डोसही. सोबत पोट साफ होण्याचे औषध. माझे बोलणे बंद पडले तर कपाळाच्या आठ्या पाहाव्यात, चादर धरणारी मूठ पाहावी. मी मागणार नाही. मला मागता येत नाही. घुसमटून मरण्याची मला फार भीती वाटते. हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही.

६. वस्तीच्या लाउडस्पीकरवर मी गेल्याचे सांगतील, तेव्हा "शेवटपर्यंत हूं की चूं केले नाही" असे म्हणू नये. सांगावे, की ती कण्हली, आणि

(पेन आईच्या हातातून पडलं. दहा वाजून गेलेत. तिने मागितलं नाही, पण चादर मुठीत आहे. पी लालखुमी म्हणतात, "सही राहू दे गं, आधी औषध." आणते. — रेमी)

अकरा वाजले. माझी धाप उतरली. कलम सहा पुरे करते: आणि तिला औषध मिळाले. वीस मिनिटे उशिरा, पण मिळाले.

सही: झोदिनसाङी
साक्षीदार: १. लालखुमी, शेजारी. २. मालसोमी, नर्स.
ऐझॉल, १४ नोव्हेंबर २०२३