लोकर झाडली, ट्रंक राहिली

आबा, विश्रामबागेत आमच्या कोपऱ्यावर एक नर्सरी आहे. काल तिथे पाण्याच्या कुंडीत एक रोप विक्रीस ठेवलेले पाहिले. फुगीर देठ, जांभळे फूल, वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा पिवळा डोळा. पाटीवर ‘शोभेचे फुले’ असे लिहिले होते. ‘शोभेची’ हवे, एवढे सांगून मी घरी आलो. त्या फुलाविषयी जे सांगायला हवे होते, ते सांगितले नाही.

जतकडच्या आपल्या गावाला एकच तळे होते आणि त्याची राखण गावाने तुमच्यावर सोपवली होती. मृगाच्या तोंडावर मेंढपाळ पश्चिमेकडून परतत, तेव्हा तुम्ही त्यांना मुरमाड माळावर थांबवीत असा. प्रत्येक मेंढराची लोकर पिंजायची, परमुलखातले गोखरू आणि कुसळे वेचून जाळायची, मगच पाणी. लढाई संपून मी आसामच्या आघाडीवरून परतलो, त्या दुपारी हेच चालले होते. माझा गणवेश पाहताच तुम्ही उठलात आणि माझी पत्र्याची ट्रंक स्वतःच्या खांद्यावर घेतलीत. मेंढरू गुडघ्यांत धरून बसलेला मेंढपाळ म्हणाला, “आवं आबा, पोराचीबी झडती घ्या की. लय लांबनं आलाय.”

“त्यो सरकारी मानूस हाय, गड्या,” तुम्ही म्हणालात, आणि सगळे हसले. ट्रंकेत, ओल्या गोणपाटात, आईसाठी आणलेले हे रोप होते.

आईच्या घंगाळात ते फुलले, तेव्हा आळीतल्या बायका पाहायला येत. दोन महिन्यांत घंगाळ भरले. आई म्हणाली, “लय माजलंय रं हे. चुलीत घाल.” पण ते फुलांवर होते. मी ते जाळले नाही. जास्तीची रोपे भरदुपारी तळ्यात सोडली.

पुढच्या उन्हाळ्यात तळ्याचे पाणी दिसेनासे झाले. घागर टेकवली, तर ती हिरव्या गादीवर बसून राही. खालचे पाणी कुजलेले. तोच मेंढपाळ कळप घेऊन परतला, तेव्हा तुम्ही त्याला बांधावरच अडवलेत. “गेल्या साली पयलं पानी तुज्याच मेंढरांनी पेलं. आता ह्या तळ्यावर पाय टाकायचा न्हाई.”

तो आवाज न चढवता म्हणाला, “आबा, लोकरीतनं कुसळ येतं. पान्यातलं झाड कोरड्या लोकरीत कसं जगंल, तुमीच सांगा.”

तुम्ही वाट सोडली नाहीत. मी तुमच्या शेजारीच उभा होतो. त्या वर्षी पाऊस लांबला होता. पुढच्या गावच्या ओढ्यापर्यंत पोचण्याआधीच त्याची मेंढरे वाटेत पडत गेली. माळावर तीन दिवस गिधाडे उतरत होती. तो विजापूरकडे निघून गेला, तो पुन्हा आला नाही.

त्यानंतर तुम्ही रोज छातीभर पाण्यात उतरून ती झाडे उपटीत असा आणि बांधावर वाळवून जाळीत असा. मीही उतरत असे. हे प्रायश्चित्त म्हणून सांगत नाही. जेवढे उपटावे, तेवढे आठवड्यात पुन्हा भरून येई. दुसऱ्या वर्षी हिवतापाने तुम्ही गेलात, तेव्हाही तळे हिरवेच होते.

तुमच्यामागे आईला, पत्नीला, मुलांना मी एकच सांगत आलो: आबांनी विचारले असते, तर मी खरे सांगितले असते. वाक्य निर्दोष आहे; पण ते खरे नाही. मेंढपाळ गेला, त्या संध्याकाळी ओसरीवर तुम्ही माझ्याकडे न पाहता विचारले होते, “तुज्या ट्रंकंतलं हे तळ्यात तूच सोडलंस का रं?” मी ‘नाही’ म्हणालो. तुम्ही पुन्हा विचारले नाहीत, आणि त्याला परत बोलावलेही नाहीत.

हे पत्र घडी घालून त्याच ट्रंकेत ठेवीन. आज मुद्दाम नर्सरीत सांगायला गेलो होतो. पाटी दुरुस्त झाली होती आणि रोप विकले गेले होते. ते कोणी नेले, हे मी विचारले नाही.